घर सुटलं तरी ओढ का सुटत नाही?

‘इतका मारायचा, तरी हिला त्याचीच आठवण येते?’ नवऱ्याच्या छळाला कंटाळून माहेरी आलेल्या बाईच्या पाठीमागे हे हमखास बोललं जातं. रात्री झोप लागत नाही तेव्हा तीही स्वतःला हेच विचारत असते.

डोनाल्ड डटन आणि सुझन पेंटर या कॅनडातल्या संशोधकांनी अशा नात्यातून बाहेर पडलेल्या ७५ स्त्रियांची पाहणी केली. ती १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनंतरही जोडीदाराची ओढ जेमतेम २७ टक्क्यांनी उतरली होती. या ओढीचा संबंध दिसला तो वागण्यातल्या चढउतारांशी. आज मार, उद्या गजरा आणि माफी. बक्षीस कधी मिळेल याचा नेम नसला, की त्यासाठी लागलेली सवय फार चिवट होते, हे प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्याआधीच दिसलं होतं. तेव्हा ही ओढ म्हणजे मनाचा कमकुवतपणा नव्हे. मेंदू तसंच शिकलेला असतो.

भीतीचंही तसंच. दाराची कडी वाजली तरी छाती धडधडते, कारण मेंदूतला अमिग्डाला हा भाग जुन्या खुणा विसरत नाही. उंदरांवरच्या प्रयोगांतून कळलेली गोष्ट अशी, की भीती ओसरते तेव्हा मूळची आठवण पुसली जात नाही. ‘आता इथे धोका नाही’ हा नवा धडा कपाळामागचा मेंदूचा भाग तिच्यावर बसवतो. पण तो धडा जागेला बांधलेला असतो. जागा बदलली, की भीती पुन्हा डोकं वर काढते. घरात सावरलेली बाई कोर्टाच्या तारखेला थरथरते, ती यामुळेच.

‘मन घट्ट कर’ हा सल्ला मला म्हणूनच निरुपयोगी वाटतो. नवरा अजून ऑफिसखाली येऊन उभा राहत असेल, तर मेंदू नवा धडा शिकणार कसा? त्या वेळची भीती खरीच असते. नातं तोडल्यानंतरचा काळ तर जास्तच धोक्याचा. मानसोपचारतज्ज्ञ ज्यूडिथ हर्मन यांनीही सावरण्याचा पहिला टप्पा सुरक्षितता हाच मानला. सुरक्षितता म्हणजे बदललेले पासवर्ड, फोनवरचं बंद केलेलं लोकेशन, स्वतःच्या नावाचं बँक खातं. आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली न्यायालयाकडून मिळणारा संरक्षण आदेश. तो मोडला तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.