स्प्लान्ख्निझोमाइ

बायबलच्या नव्या करारातील एक ग्रीक क्रियापद. अर्थ : कळवळा येणे, आतडे तुटणे. ते एकूण 12 वेळा येते, मत्तयाच्या शुभवर्तमानात (येशूच्या चरित्रग्रंथात) 5, मार्कच्या 4 आणि लूकच्या 3. योहानाच्या शुभवर्तमानात आणि पौलाच्या पत्रांत ते एकदाही नाही. नऊ ठिकाणी कर्ता येशू आहे. उरलेल्या तीन ठिकाणी त्याच्या दृष्टान्तांतली माणसे आहेत : दहा हजार तालांतांचे कर्ज सोडणारा राजा, शोमरोनी वाटसरू आणि उधळ्या पुत्राचा बाप.

मूळ नाम ‘स्प्लान्ख्ना’, म्हणजे हृदय, यकृत, फुप्फुसे, मूत्रपिंडे असे पोटाछातीतले अवयव. ग्रीकांच्या यज्ञात बळीच्या जनावराचे हे भाग आधी भाजून खात. त्यावरून झालेल्या परस्मैपदी रूपाचा अर्थही तोच, बळीचे काळीज-आतडे खाणे. मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथात (ग्रीकमधला ज्यू इतिहासग्रंथ, 6:8) ज्यूंवर लादलेल्या यज्ञभोजनासाठी ते याच अर्थाने आले आहे. अभिजात ग्रीकांच्या लेखी आतडी ही रागासारख्या प्रखर भावनांची जागा. दयेशी त्यांची सांगड घट्ट झाली ती ग्रीक बोलणाऱ्या ज्यूंच्या लेखनात. हिब्रूतही दयेचा शब्द ‘रहमीम’ गर्भाशयवाचक ‘रेहेम’शी जोडलेला आहे. ‘पोटात कालवले’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला यात नवल वाटू नये.

नव्या करारात हे क्रियापद ‘-ओमाइ’ प्रत्ययाचे, म्हणजे संस्कृतच्या आत्मनेपदासारखे चालते. बारापैकी दहा रूपे ॲओरिस्टची आहेत. ॲओरिस्ट म्हणजे क्रिया एकसंध घडली असे मांडणारे रूप, संस्कृतातील लुङ्‌चे भावंड. ‘एस्प्लान्ख्निस्थे’ या रूपात आरंभीचा ‘ए’ संस्कृत भूतकाळातल्या ‘अ’चे काम करतो, तर ‘थे’ हे कर्मणी रूपाचे चिन्ह आहे. अर्थ मात्र कर्मणी नाही. वर्तमानकाळ दोनदाच आहे, चार हजारांना जेवू घालण्याच्या प्रसंगी (मत्तय 15:32, मार्क 8:2), आणि दोन्ही वेळा येशू स्वतःच बोलतो आहे. ज्याचा कळवळा येतो तो ‘एपि’ किंवा ‘पेरि’ या शब्दयोगींनी दाखवतात. काही ठिकाणी तो संदर्भावरच सोडलेला आहे.

मराठी बायबलातले ‘त्याला कळवळा आला’ हे भाषांतर अर्थाने चपखल आहे. वाक्यरचना मात्र उलटते. मराठीत कळवळा येतो आणि माणूस चतुर्थीत त्याला सामोरा जातो. ग्रीकमध्ये तो माणूसच प्रथमेतला कर्ता असतो.

आज्ञार्थात हे क्रियापद नव्या करारात कुठेच नाही. मार्क 9:22 मध्ये आजारी मुलाचा बाप ‘कळवळून आम्हाला मदत कर’ अशी विनवणी करतो. तिथेही आज्ञार्थ ‘मदत कर’ला आहे, कळवळा धातुसाधितात आहे. राजाच्या दृष्टान्तात राजाला आतून कळवळा येतो, पण चाकराकडून तो जी दया अपेक्षितो (मत्तय 18:33) तिथे ‘एलेएओ’ हे दुसरे क्रियापद येते. पोटातून येणारे मागून मिळत नाही, असा अर्थ काढण्याचा मोह होतो. पण शुभवर्तमानकाराने हा भेद हेतुतः केला असे ठामपणे म्हणता येणार नाही.

लूकमध्ये तिन्ही वेळा आधी पाहणे आणि मग कळवळणे आहे. शोमरोन्याच्या गोष्टीत वाटेत पडलेल्या जखमी माणसाला याजक आणि लेवी (मंदिरसेवक) हेही पाहतात, पण दुसऱ्या बाजूने निघून जातात. शोमरोनी पाहतो, कळवळतो आणि जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून त्या बांधतो. तिघांत फरक पाडणारे क्रियापद हेच.

सर्वांत वादग्रस्त जागा मार्क 1:41 ची. तिथे कुष्ठरोग्याला स्पर्श करण्याआधी बहुतेक हस्तलिखितांत ‘स्प्लान्ख्निस्थेइस’ (कळवळून) आहे, तर पाचव्या शतकाच्या सुमाराच्या बेझा हस्तलिखितात ‘ओर्गिस्थेइस’ (रागावून). राग खोडून कळवळा लिहिणारा नक्कलकार सहज कल्पिता येतो, उलट करणारा अवघड. म्हणून काही अभ्यासक ‘रागावून’ हाच मूळ पाठ मानतात. हाच प्रसंग सांगताना मत्तय आणि लूक दोन्ही शब्द गाळतात.