जुनी सरकारी इमारत सांस्कृतिक केंद्रासाठी हवी? अर्ज कुठे करायचा, कागद कोणते लागतात

वहीगायनाच्या (खान्देशी लोकगायनाच्या) तालमीला जागा नाही, अहिराणी कवी संमेलन मंगल कार्यालयात भरवावं लागतं आणि गावातली सागवानी खांबांची जुनी कचेरी मात्र कुलूपबंद. खान्देशात असं चित्र बऱ्याच ठिकाणी दिसतं. पण वर्गणी गोळा करण्याआधी एकच गोष्ट पाहा: इमारत कागदावर कुणाच्या नावावर आहे. अर्ज कुणाकडे करायचा हे त्यावरच ठरतं.

शहरात नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका काढा, गावात ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरपट्टीची नोंदवही, पाहा. जागा महसूलची आणि इमारत सार्वजनिक बांधकामच्या नोंदवहीत, असंही निघतं. मग दोन्हीकडे पत्र द्यावं लागतं. १९०६ मध्ये खान्देशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, म्हणजे आजचे जळगाव आणि धुळे. नंदुरबार १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळा झाला, त्यामुळे तिथल्या इमारतीचे जुने कागद धुळ्याच्या अभिलेख कक्षातही शोधा. दाद लागत नसेल तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून माहिती अधिकाराचा अर्ज टाका.

सरकारी जागेसाठी अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, जिल्हा परिषदेच्या इमारतीसाठी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे, नगरपालिकेच्या इमारतीसाठी मुख्याधिकाऱ्यांकडे. पालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा नुसता ठराव हातात घेऊन रंगकाम काढू नका. लांब मुदतीच्या भाडेपट्ट्याला वरची मंजुरी लागते. इमारत एखाद्या जुन्या वाचनालयाच्या न्यासाची असेल तर तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्यासाठी सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी हवी.

अर्जदार नोंदणीकृत संस्था असलेली बरी. चार मित्रांच्या मंडळाला सरकारी जागा मिळणं अवघडच. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था नोंदवायला किमान सात सभासद लागतात, सोबत १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदणी करा. अर्जाला नोंदणी प्रमाणपत्र, घटना, कार्यकारिणीचा ठराव, पॅन, लेखापरीक्षण अहवाल, केलेल्या कार्यक्रमांचे पुरावे, इमारतीचे आतले-बाहेरचे फोटो आणि खर्चाचा अंदाज जोडा. देखभालीचे पैसे कुठून येणार हे स्पष्ट लिहा. बहुतेक अर्ज इथेच लंगडे पडतात.

वास्तू राज्य संरक्षित असेल तर राज्य पुरातत्त्व संचालनालयाशी बोला. नाशिक विभागासाठी त्यांचं कार्यालय नाशिकला आहे. ‘महाराष्ट्र वैभव’ योजनेत अशी स्मारकं संगोपनासाठी दिली जातात, मालकी शासनाचीच राहते. बळसाणे किंवा पाटणादेवीसारख्या केंद्र संरक्षित स्मारकाजवळ तुमची इमारत असेल तर १०० मीटरच्या आत नवं बांधकाम होत नाही. त्यापुढच्या २०० मीटरमध्ये राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते. शंभर मीटरच्या आतल्या जुन्या इमारतीच्या दुरुस्तीलाही ती लागतेच.

ताबा मिळाल्यावर आधी संरचनात्मक तपासणी करून घ्या. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा देऊ नका. ओल आत अडकते आणि दोन-चार पावसाळ्यांत विटा भुसभुशीत होतात. ठेकेदार ‘चुना कोण मळतो आता’ म्हणेलच, तरी अंदाजपत्रकात चुन्याचंच काम लिहून घ्या. प्रेक्षक बसवायचे तर अग्निशमनाची व्यवस्था आणि तिचा दाखला, नाटक-तमाशासाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र, ध्वनिक्षेपकासाठी पोलिसांची परवानगी. हे कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मिळत नाही, तारीख ठरली की लगेच अर्ज द्या.