विश्वास (ख्रिस्ती धर्मग्रंथांतील)

देवाच्या वचनावर भरवसा ठेवून त्याच्याशी एकनिष्ठ राहणे. देव एकच आहे एवढे नुसते मान्य करणे याला बायबल पुरेसे मानत नाही. तेवढे तर भुतेही मानतात व थरथर कापतात, असे याकोबाच्या पत्रात (२:१९) खडसावले आहे.

‘नीतिमान विश्वासाने जगेल’ हे हबक्कूक संदेष्ट्याचे वचन (२:४) नव्या करारात तीनदा उद्धृत झाले आहे (रोमकरांस पत्र, रोम. १:१७; गलतीकरांस पत्र, गलती. ३:११; इब्री लोकांस पत्र १०:३८). हबक्कूकाचा काळ बहुधा इ.स.पू. सातव्या शतकाची अखेर. खास्दी (बाबिलोनच्या) लोकांच्या अत्याचाराबद्दल तो देवाला जाब विचारतो, पहाऱ्याच्या जागी उभा राहून उत्तराची वाट पाहतो आणि मग हे वचन मिळते. परंपरागत हिब्रू संहितेनुसार नीतिमान ‘आपल्या’ निष्ठेने जगतो. सप्तती या जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतराच्या प्रमुख पाठात मात्र देव ‘माझ्या’ निष्ठेने असे म्हणतो. रोमकरांस व गलतीकरांस पत्रे लिहिणारा प्रेषित पौल सर्वनामच गाळतो, तर इब्री लोकांस पत्राच्या अनेक हस्तलिखितांत ‘माझा नीतिमान’ असा पाठ आहे. हिब्रूत हा फरक वाव् आणि योद् या दोन अक्षरांपुरता असून त्या काळच्या हस्तलेखांत ती जवळजवळ सारखी दिसतात. त्यामुळे सप्ततीचा पाठ वाचनभेदातून आला असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. मृत समुद्राकाठच्या कुमरान येथे १९४७ मध्ये सापडलेल्या हबक्कूकावरील भाष्यात हेच वचन नियमशास्त्र पाळणाऱ्यांना आणि ‘नीतिमत्त्वाचा गुरू’ या तेथील पंथाच्या पुढाऱ्यावरील त्यांच्या निष्ठेला लावले आहे. म्हणजे एका व्यक्तीवरील विश्वासाशी या वचनाची सांगड पौलाच्या आधीच घातली गेली होती. जुन्या भाष्यकारांना हा पुरावा उपलब्ध नव्हता, हे त्यांची मते वाचताना ध्यानात ठेवावे लागते.

पौल व याकोब दोघेही अब्राहामाचाच दाखला देतात (उत्पत्ती १५:६). अब्राहामाची सुंता सतराव्या अध्यायात येते, तो त्यापूर्वीच नीतिमान गणला गेला, यावर पौलाचा भर आहे (रोम. ४). याकोब तेच वचन बाविसाव्या अध्यायातील इसहाकाच्या अर्पणाशी जोडतो व क्रियांवाचून विश्वास निर्जीव ठरवतो. रोमकरांस पत्र इ.स. ५७ च्या सुमाराचे मानतात. याकोबाचे पत्र येशूच्या भावाचे असेल तर ते ६२ पूर्वीचे ठरते. अनेक अभ्यासक ते पहिल्या शतकाच्या अखेरीस नेतात. याकोबाचा रोख पौलापेक्षा पौलाच्या शिकवणीचा सोयीस्कर अर्थ लावणाऱ्यांवर असावा. पौलालाही ‘प्रीतीच्या द्वारे कार्य करणारा विश्वास’च अभिप्रेत आहे (गलती. ५:६), हे विसरून या दोघांत उभा दावा लावणे अन्यायाचे होईल.

धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १५२२ च्या जर्मन नव्या करारात, मनुष्य विश्वासाने नीतिमान ठरतो असे सांगणाऱ्या रोम. ३:२८ मध्ये ‘केवळ’ हा शब्द घातला. याकोबाच्या पत्राला त्याने प्रस्तावनेत ‘पेंढ्याचे पत्र’ म्हटले, पण हा शेरा पुढे वगळला. रोमन कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५४७ मध्ये केवळ विश्वासाने तारणाचे मत नाकारले. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे रोमन कॅथलिक व ल्यूथरन प्रतिनिधींनी या विषयावरील संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या.

शुभवर्तमानांत विश्वास बहुधा आजार व संकटाच्या प्रसंगी दिसतो. ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास दूर करा’ ही आजारी मुलाच्या बापाची आर्त हाक (मार्क ९:२४) त्यांतील सर्वांत प्रामाणिक म्हणावी लागेल. यहूदाच्या छोट्या पत्रात (वचन ३) मात्र ‘पवित्र जनांना एकदाच सोपवलेला विश्वास’ अशी भाषा येते. तेथे शिकवणीचा ठरलेला ठेवा असा अर्थ स्थिरावू लागलेला दिसतो.