टेनिस संघाला राजमाचीला नेताना: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

कॉलेजचा टेनिस संघ ही तशी गमतीची चीज आहे. कबड्डी किंवा व्हॉलीबॉलचा संघ वर्षभर एकाच मैदानावर घाम गाळतो. टेनिसची पोरं मात्र आपापल्या क्लबात, आपापल्या कोचकडे खेळतात. कोणी बालेवाडीला, कोणी डेक्कनला, कोणी नाशिकहून शिकायला आलेला. बाराव्या-चौदाव्या वर्षापासून यांनी एकमेकांना ज्युनिअर स्पर्धांत हरवलेलं असतं. तिथे सुरुवातीच्या फेऱ्यांना बहुधा पंच नसतो, बॉल रेषेच्या आत की बाहेर हे खेळाडूंनीच सांगायचं, त्यामुळे ‘आत होता तो बॉल’ यावरून झालेली भांडणंही कोणी विसरलेलं नसतं. मग एक दिवस जिमखान्याच्या फलकावर पाच नावं लागतात आणि हे सगळे एक संघ होतात.

आमची पुण्यातली तिघांची छोटी संस्था आहे. शाळा-कॉलेजच्या मुलांना आम्ही सह्याद्रीत नेतो. तिघांपैकी एक जण कॉलेजच्या टेनिस संघात होता, म्हणजे राखीव होता. दोन वर्षं बाकावर बसला. या पत्रकातलं बरंचसं त्या बाकावरून दिसलेलं आहे. क्रीडा संचालक, कोच, कर्णधार आणि पालक यांनी सहल ठरवण्याआधी ते वाचावं.

कधी न्यायचं

कॉलेजं सुरू होतात ती पावसाबरोबरच. जुलै-ऑगस्टमध्ये क्ले कोर्टवर चिखल आणि हार्ड कोर्टवर घसरण, त्यामुळे सराव आज आहे तर उद्या नाही. आंतरमहाविद्यालयीन सामने साधारण पाऊस ओसरताना येतात. त्यातून विद्यापीठाचा संघ निवडला जातो आणि पुढे पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेत गुजरात-राजस्थानकडच्या विद्यापीठांशी गाठ पडते. दिवाळीच्या पुढेमागे परीक्षा असतातच. आमचं सांगणं एवढंच, की कॉलेजच्या संघाची निवड झाल्यावर आणि पहिल्या सामन्याच्या निदान पंधरा दिवस आधी या. कोर्ट बंद असतं तेव्हा डोंगर चालू असतो.

पंधरा दिवसांचा हा आकडा आम्ही चुकून शिकलो. एका संघाला सामन्याच्या चार दिवस आधी नेलं होतं. कोचना घाई होती आणि आम्हाला नाही म्हणता आलं नाही. उतरताना शेवाळलेल्या दगडावर एकाचा घोटा मुरगळला आणि पोराचा पहिला सामना गेला. आता आठवड्यावर सामना आला असेल तर आम्ही सरळ नाही म्हणतो. हंगाम संपल्यावर मजा म्हणून यायचं असेल तर जरूर या, पण त्याचा संघाला उपयोग पुढच्या वर्षीच, आणि तोवर निम्मे पास होऊन गेलेले असतात.

राजमाचीच का

सिंहगड जवळचा आहे, पण तो पुण्याच्या पोरांनी आधीच पन्नासदा केलेला असतो. अर्धे एकटेच पुढे पळतात आणि वर पिठलं-भाकरी नि मडक्यातलं दही खाऊन परत. राजमाचीला पळून उपयोग नाही. पुण्याहून सकाळची लोकल पकडून लोणावळा, तिथून तुंगार्ली धरणावरून उधेवाडी गावापर्यंत साधारण पंधरा किलोमीटर. वाट बरीचशी सपाट, थोडी चढउताराची. गुडघ्यांना त्रास नाही आणि गप्पा मारायला श्वास उरतो. कर्जतकडून कोंढाणे लेण्यांच्या वाटेनेही वर येता येतं, पण ती खडी चढण टेनिसवाल्यांच्या पोटऱ्यांना हंगामाआधी आम्ही देत नाही.

वाटेत पावसाळी ओढे आडवे येतात. एखाद्याला जोर असेल तर आम्ही काठावर बसून राहतो, तासभर लागला तरी. पोरांना कंटाळा येतो आणि तिथेच बोलणं सुरू होतं, असा आमचा अनुभव आहे.

मुक्काम उधेवाडीत, गावातल्या घरी. चुलीवरचं जेवण, भाकरी, पिठलं, ठेचा, रात्री भजी मिळाली तर नशीब. मोबाइलची रेंज असून नसल्यासारखी. पालकांनी घाबरू नये, आमच्यापैकी एक जण रोज संध्याकाळी रेंज शोधून निरोप देतो. काजव्यांबद्दल दरवर्षी विचारणा होते. काजवे मेअखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला चमकतात, तेव्हा कॉलेज बंद असतं, त्यामुळे ते आमच्या यादीत नाहीत.

आम्ही तिथे काय करतो

फार काही नाही. डोळे मिटून मागे पडायचं आणि मित्राने झेलायचं, वर्तुळात बसून एकमेकांची स्तुती करायची, असले खेळ आम्ही घेत नाही. पोरं हसतात, आणि बरोबरच हसतात. दोरीवरून उतरणंही हंगामाआधी नको. रॅकेटच्या हाताला दोरीचा फोड आला की आठवडा गेला.

चालताना दोन गोष्टी मात्र आम्ही ठरवून करतो. पहिली म्हणजे संघातला क्रमांक एक सगळ्यांच्या मागे चालतो. सगळ्यांत वेगवान पोराला आपल्यापेक्षा हळू चालणाऱ्याच्या पाठीकडे पाहत पाच तास काढायला लावलं, की पुढे बाकावर बसून दुसऱ्याचा सामना पाहणं त्याला जमतं. दुसरी गोष्ट, दुहेरीची जोडी एकच सॅक वाटून वाहते. जिथे दोन एकेरी आणि एक दुहेरी अशी लढत असते, तिथे एक एकेरी जिंकली आणि एक हरली की सगळं दुहेरीवर येतं. आणि दुहेरीची जोडी म्हणजे बहुधा एकत्र कधीच सराव न केलेले दोन एकेरीवाले. सॅक आता कोणी घ्यायची यावरून ते आधी डोंगरावर भांडलेले बरे.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीवर्धन आणि मनरंजन या दोन बालेकिल्ल्यांमधल्या खिंडीत, भैरवनाथाच्या देवळापाशी थांबतो. इथे आमचा एकुलता एक खेळ होतो, आणि त्यामागचं कारण टेनिसमध्येच आहे. बाजू बदलताना खेळाडूला 90 सेकंद मिळतात, सेट संपल्यावर 120. एरवी वर्षानुवर्षं टेनिसमध्ये सामन्यात बाहेरून सांगायला बंदी होती, पण संघस्पर्धेत कोर्टवर बसलेल्या कर्णधाराला त्या दीड मिनिटात बोलण्याची मुभा डेव्हिस चषकासारख्या देशादेशांतल्या लढतींत पूर्वीपासून आहे. फेब्रुवारी 2017 मध्ये बालेवाडीला भारत-न्यूझीलंड लढत झाली, तेव्हा ज्यांनी कोर्टपेक्षा बाकाकडे लक्ष दिलं त्यांनी हे पाहिलं असेल. पाणी पिणं, टॉवेल, घाम पुसणं यातून बोलायला उरतात जेमतेम चाळीस सेकंद. त्यात काय सांगायचं? एकाला ‘त्याच्या बॅकहँडला खेळ’ एवढं पुरतं. दुसऱ्याला बोललेलं चालतच नाही, नुसतं शेजारी बसावं लागतं. तिसऱ्याला चिडवलं की तो जागा होतो. कोणाला काय लागतं हे कळायला ओळख लागते, आणि इतकी वर्षं एकमेकांविरुद्ध खेळूनही ती झालेली नसते.

म्हणून प्रत्येक जोडीतला एक जण श्रीवर्धनचा चढ दमेपर्यंत पळून येतो, खाली बसतो, आणि दुसऱ्याने घड्याळ लावून 90 सेकंदांत त्याला पुन्हा वर पाठवायचं. निम्मे नुसते हसतात. राखीव खेळाडू यात हमखास चांगले निघतात, कारण ते वर्षभर बाकावरून सगळ्यांना पाहत असतात. क्रीडा संचालकांना विनंती: राखीव दोघांना खर्च वाचवण्यासाठी घरी ठेवू नका. न्यायचं तर सगळ्यांना, नाहीतर कोणालाच नाही.

नंतर श्रीवर्धनवर चढतो. ढग उघडले तर उल्हास नदीचं खोरं आणि कातळधार धबधबा दिसतो. पावसाळ्यात तशी हमी नाही.

थोडं कामाचं

शुक्रवार-शनिवार धरा, रविवारी लोणावळ्यात पावसाळी गर्दीत अडकण्यात अर्थ नाही. कॉलेजचं पत्र आणि पालकांची लेखी संमती लागते. मुलींच्या संघाबरोबर आमची सहकारी ताई असते आणि मुक्कामाचं घर वेगळं असतं. दारू-सिगारेट आढळली तर सहल तिथेच संपते, पैसे परत मिळत नाहीत. हवामान खात्याने ऑरेंज किंवा रेड अलर्ट दिला तर आम्ही निघत नाही. पैसे पुढच्या तारखेला वळते होतात. दर संघाच्या संख्येवर ठरतो. त्यात जेवण, मुक्काम, वाटाडे आणि प्रथमोपचार येतात, लोकलचं तिकीट येत नाही. आमच्याकडे नाही आलात तरी चालेल, पण ज्यांच्याकडे जाल त्यांना राज्याच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणाखालची नोंदणी विचारा.

टेनिसचे बूट घालून येऊ नका. त्यांचा तळ कोर्टसाठी असतो, ओल्या कातळावर तो साबणासारखा सटकतो. खोल खाचांचे साधे ट्रेकिंगचे बूट पुरतात. जादा मोजे दोन जोड, सुके कपडे प्लास्टिकच्या पिशवीत, टॉर्च, आणि दम्याचा किंवा इतर औषधांचा डबा ज्याचा त्याने.

रॅकेट आणायची नाही. ओलाव्याने नैसर्गिक गटच्या, म्हणजे आतड्यापासून बनवलेल्या, तारा खराब होतात आणि उधेवाडीत खेळायला सपाट जागाही नाही. तरी दरवर्षी कोणीतरी आणतंच. मग ती घरमालकांच्या धाकट्याच्या हाती लागते आणि शनिवारी निघायच्या वेळेपर्यंत परत मिळत नाही.