लंडन ते पॅरिस: विमान सव्वा तासाचं, मग आम्ही रेल्वेने का नेतो?

टूरचा कार्यक्रम हातात पडला की हमखास फोन येतो, "लंडन-पॅरिस विमान असताना रेल्वे कशाला? पैसे वाचवताय का?" तसं नाही. बऱ्याचदा रेल्वेचंच तिकीट महाग पडतं.

सरळ रेषेत ही शहरं साधारण 345 किलोमीटरवर आहेत. विमान हवेत जेमतेम पाऊण-एक तास असतं. वेळापत्रकात सव्वा तास दिसतो, कारण धावपट्टीपर्यंत हळूहळू जाण्याचा वेळही त्यात धरतात. आता घड्याळाची गंमत बघा. पॅरिसचं घड्याळ लंडनच्या एक तास पुढे. त्यामुळे 10 ला निघालेलं विमान तिकिटावर 12:15 ला पोचतं. परतीच्या तिकिटावर मात्र 10 ला निघून 10:15 ला! छपाईची चूक नाही, दोन्ही वेळा त्या त्या शहराच्या आहेत.

खरा वेळ जातो तो जमिनीवर. हॉटेलपासून हीथ्रो तासभर, तिथे दोन तास आधी हजेरी, उतरल्यावर इमिग्रेशन आणि सामानाच्या पट्ट्याजवळ ताटकळणं. शिवाय चार्ल्स द गॉल विमानतळ पॅरिसच्या मध्यापासून सुमारे 25 किलोमीटर, म्हणजे बसने आणखी तासभर. सगळं मिळून सहा तास सहज जातात.

आमची रेल्वे म्हणजे युरोस्टार, ती शहराच्या मध्यातून सुटते आणि मध्यातच उतरवते: सेंट पँक्रास ते गार द्यू नोर, सुमारे सव्वादोन ते अडीच तास. फ्रान्सचं इमिग्रेशन लंडनच्या स्टेशनवरच उरकतं, त्यामुळे पॅरिसला उतरलं की थेट बाहेर. दीड तास आधी पोचायचं धरूनही हॉटेल ते हॉटेल पाच तासांत होतं.

"समुद्र दिसतो का?" नाही हो! 1994 साली सुरू झालेला चॅनल बोगदा सुमारे 50 किलोमीटरचा, त्यातला 38 समुद्राच्या तळाखाली. साधारण वीस मिनिटं खिडकीबाहेर काळोख. मुलांना आधीच सांगून ठेवा.

साध्या तिकिटावर दोन मोठ्या बॅगा आणि एक हातातली नेता येते. वजनाची मर्यादा नाही, पण बॅग 85 सेंटिमीटरपेक्षा लांब नको. डब्यात चढवायची तुम्हालाच आहे, तेव्हा लोणच्याच्या बरण्या बेतानेच भरा.

ब्रिटनचा व्हिसा पॅरिसला चालत नाही, फ्रान्ससह युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा शेंगेन व्हिसा वेगळा लागतो. तो एकदाच प्रवेशाचा असेल तर पॅरिसहून लंडनला आल्यावर पुन्हा युरोपात जाता येणार नाही. म्हणून आम्ही लंडन आधी घेतो.

पॅरिस ते रोम मात्र 1,100 किलोमीटर, विमानाने दोन तासांच्या आसपास. तिथे आम्हीही विमानानेच नेतो.

लंडनच्या सकाळी नाश्त्याला रेंगाळू नका. गाडी सुटण्याच्या अर्धा तास आधी गेट बंद होतं, आणि ते आमच्या टूर मॅनेजरलाही उघडून मिळत नाही.