रांग वळते तेव्हा दमतो कोण?

अमेरिकेतल्या ड्रम कोरची, म्हणजे मैदानावर चालता चालता वाजवणाऱ्या पथकाची, दहा मीटर लांबीची एक सरळ रांग डोळ्यांपुढे आणा. एका टोकाचा वादक जागेवर उभा. दार बिजागरीवर फिरते तशी बाकीची रांग त्याच्याभोवती नव्वद अंशांत वळणार, तीही मोजून सोळा मात्रांत. बाहेरच्या टोकाला असलेल्याने या सोळा पावलांत पावणेसोळा मीटर कापायचे आहेत, म्हणजे दर पाऊल 98 सेंटीमीटरचे. बिजागरीपासून एका मीटरवर असलेल्याचे पाऊल मात्र जेमतेम 10 सेंटीमीटरचे. लय दोघांची तीच, हातात वाद्य दोघांच्याही, छाती दोघांचीही प्रेक्षकांकडे.

यातले अवघड काम कोणाचे?

गॅलरीत बसलेल्या कुणालाही विचारा, तो बाहेरच्याकडे बोट दाखवेल. तो अक्षरशः धावतो आहे, दिसतेच आहे. पण आतल्याकडे जरा नीट बघा. सगळी रांग त्याच्या अंगाने सरळ राहते. तो 10 सेंटीमीटर पुढे सरकला आणि बाकीच्यांनी त्याच्याशी इमानाने रांग धरली, तर बाहेरचे टोक तब्बल एक मीटर चुकते. बाहेरच्याचे पाय भाजून निघतात, आतल्याचे डोके. एकाच रांगेत, दहा मीटरच्या अंतरात, अवघडपणाची जातच बदलते.

आता या ड्रम कोरविषयी. पितळी वाद्ये, ढोल-ड्रम आणि झेंडे फिरवणारे पथक मिळून दीडशेच्या वर तरुण, वयाची अट साधारण 21-22 वर्षांपर्यंतची. उन्हाळाभर बसमधून गावोगाव फिरायचे, शाळांच्या व्यायामशाळेत जमिनीवर झोपायचे, दिवसाचे दहा-दहा तास सराव करायचा आणि हे सगळे साधारण 11-12 मिनिटांच्या एका सादरीकरणासाठी. ड्रम कोर इंटरनॅशनल ही त्यांची संघटना. पहिली अजिंक्यपद स्पर्धा 1972 मध्ये विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटर गावात झाली, आणि 2009 पासून अंतिम सोहळा भरतो तो इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये. नुसते लष्करी संचलन म्हणून याकडे पाहू नये. मैदानावर आकृत्या उमलतात, विरघळतात, एकमेकींतून आरपार जातात आणि वाजवणे क्षणभरही थांबत नाही.

पूर्वी याचे गुण द्यायची रीत सरळ होती. परीक्षक चूक दिसली की खूण करायचा आणि दर खुणेमागे एक दशांश गुण जायचा. या पद्धतीत एक मोठा अन्याय होता. सोपे काही बसवले की चुका कमी, गुण जास्त. अवघड करायला जाणाऱ्याने आपल्याच हाताने तोटा ओढवून घ्यायचा. 1984 पासून ही वजाबाकी गेली. आज शंभरपैकी 40 गुण एकूण परिणामाला, 30 दृश्याला आणि 30 संगीताला असतात. दृश्य आणि संगीताच्या परीक्षकांपुढे दोन प्रश्न असतात: मुलांना करायला काय दिले, आणि त्यांनी ते किती साधले? त्याच सुमारास न्यू जर्सीच्या गारफील्ड कॅडेट्सनी 1983 ते 1985 अशी सलग तीन विजेतेपदे मिळवली. त्यांच्या कवायती रचणाऱ्या जॉर्ज झिंगाली यांच्या वेगवान, वळणदार आकृत्यांनी ‘अवघड’ या शब्दाची मोजपट्टीच लांब केली.

पण ‘काय दिले’ हे मोजायचे कसे? इथे विज्ञानाला हात घालावा लागतो.

शरीराचा हिशेब त्यातल्या त्यात सोपा. ही पथके उतरतात त्या अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर दर पाच यार्डांवर पांढरी रेघ असते. या पाच यार्डांत आठ पावले बसवली की एक पाऊल सुमारे 57 सेंटीमीटरचे होते. हे त्यांचे नेहमीचे पाऊल. तेच अंतर पाच पावलांत कापायचे तर पाऊल 91 सेंटीमीटरचे. मिनिटाला 180 मात्रांच्या लयीत असे चालले तर वेग ताशी दहा किलोमीटरच्या जवळ जातो. हे पळणेच झाले, फक्त कमरेच्या वरचा भाग हलू न देता. ट्यूबा हे भलेमोठे पितळी वाद्य किंवा पाच-सहा ड्रमचा संच अंगावर असेल तर 15 किलोंच्या आसपासचे ओझे वेगळे. गणपतीच्या मिरवणुकीत ज्यांनी तासन्‌तास कमरेला ढोल बांधला आहे, त्यांना या वाक्याचा अर्थ पाठीने कळेल. त्यात उलटे चालणे आले. त्याच वेगाने पुढे चालण्यापेक्षा मागे चालायला शरीराला जास्त ऊर्जा लागते, आणि ही मुले चवड्यांवर मागे जातात.

पितळी वाद्यवाल्यांचा त्रास आणखी निराळा. धावताना धाप लागते ती मुख्यतः रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढतो म्हणून, आणि शरीर तो बाहेर टाकायची घाई करते. पण श्वास कधी सोडायचा हे इथे शरीर ठरवत नाही, स्वरावली ठरवते. अर्ध्या मात्रेत छाती भरायची आणि आठ मात्रा पुरवून पुरवून सोडायची. पाय पळतात आणि श्वास गवयाच्या शिस्तीत राहतो. ओठांवर टेकलेल्या तोटीला प्रत्येक पावलाचा हादरा बसू नये म्हणून टाच टेकवून पाऊल हलकेच पुढे लोळवायला शिकवतात. ड्रमवाल्याच्या श्वासावर असे बंधन नसते, पण त्याच्या पाठीला सुट्टी नसते.

डोक्याचा हिशेब मात्र गॅलरीतून दिसत नाही. म्हणून एक प्रयोग आत्ता करून बघा. दोन्ही हातांच्या तर्जनी टेबलावर ठेवा आणि आलटून पालटून आपटा: एक वर तेव्हा दुसरी खाली. आता वेग वाढवत न्या. एका वेगानंतर दोन्ही बोटे आपसूक एकत्र पडू लागतात. मेंदू आणि हालचालींचे अभ्यासक स्कॉट केल्सो यांनी 1980 च्या दशकात हा प्रकार बारकाईने अभ्यासला आणि 1985 मध्ये हर्मन हाकेन व बुन्झ यांच्याबरोबर त्याचे गणिती प्रारूप मांडले. आपल्या हालचालींना एकमेकींकडे ओढून घ्यायची खोड असते. पाय चार मात्रांच्या चालीत आणि हात सातच्या, हे काम म्हणजे त्या ओढीविरुद्ध सतत पोहत राहणे. स्नायूंना त्यात फारसे काही नसते. मेंदूला असते.

दुसरा प्रयोग घराबाहेर. रस्त्याने चालता चालता शंभरमधून सात-सात वजा करत जा. बहुतेकांची चाल नकळत मंदावते. चालणे आणि आकडेमोड यांना लक्षाची गंगाजळी एकच. आपण चाल मंदावून वेळ मारून नेतो. ड्रम कोरमध्ये तो रस्ताच बंद, कारण लय ठरलेली आहे. मग किंमत दुसरीकडे चुकती होते: पाऊल दोन बोटे आखूड पडते, स्वर किंचित उतरतो, खांदा वळायचा राहतो. तालीम म्हणजे काय, तर एकेक काम या गंगाजळीतून बाहेर काढून अंगवळणी पाडणे. ते पूर्ण अंगवळणी पडले की बघणाऱ्याला वाटते, यात काय विशेष! डोक्याची मेहनत जितकी उत्तम झाली, तितकी ती अदृश्य होते. शरीराची मेहनत घामातून दिसतच राहते. त्यामुळे परीक्षकाचा डोळा नकळत घामाकडे झुकतो, आणि मला वाटते, याची जाणीव नसलेला परीक्षक अर्धेच सादरीकरण बघतो.

कान ही आणखी एक अडचण. मैदान 91 मीटर लांब. ध्वनी सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो, म्हणजे एका टोकाचा ठोका दुसऱ्या टोकाला पाव सेकंदाहून उशिरा पोचतो. 180 च्या लयीत एक मात्राच एक तृतीयांश सेकंदाची. म्हणजे पलीकडच्या माणसाबरोबर वाजवतो आहोत असे कानाला वाटले, तर आपण जवळपास पाऊण मात्रा मागे आहोत! म्हणून नियम असा: पुढे उभ्या असलेल्यांनी मागचा आवाज ऐकून वाजवायचे, आणि मागच्यांनी कानावर विश्वास न ठेवता संचालकाच्या हातांकडे बघायचे. अनेक पथकांत संचालक स्वतः मधल्या स्नेअरवादकाच्या (स्नेअर म्हणजे कडक, करकरीत आवाजाचा ड्रम) पायांवरून लय उचलतो. स्वतःच्या कानाचे न ऐकता वाजवणे काय असते, हे कुठल्याही वादकाला विचारा.

आणि संथ लय. सामान्य प्रेक्षक हमखास फसतो तो इथे. विलंबित ख्यालाचा ठेका धरणाऱ्या तबलजीला वेगळे सांगायला नको. दोन मात्रांतले अंतर वाढले की अंदाजातली चूकही त्याच प्रमाणात वाढते, हा मेंदूच्या कालमापनाचा जवळजवळ नियमच आहे. शिवाय संथ पावलात शरीर एका पायावर जास्त वेळ असते, आणि तोल सावरायला वेगाची मदत नसते. साठच्या लयीत सरळ रांगेने प्रेक्षकांकडे चालत येणे हे मी पळापळीच्या तुकड्याइतकेच अवघड मानेन. त्यात सरळ रेषा काही लपू देत नाही. डोळा रेषेतला खंड इतका बारीक टिपतो, की साठ मीटरवरून एखादा माणूस वीतभर मागे राहिलेलाही कळतो. विखुरलेल्या आकृतीत तोच माणूस हातभर चुकला तरी खपून जातो.

म्हणून दोन अवघडपणांची बेरीज करता येत नाही. ते एकमेकांना गुणतात. म्हणूनच बघावा तो सांधा, म्हणजे एक हालचाल संपून दुसरी सुरू होते ती जागा. एकाच मात्रेवर दिशा बदलते, पावलाची लांबी बदलते, स्वरावलीही बदलते आणि नेमका तोच श्वास घ्यायचा क्षण असतो. शेवटच्या दोन मिनिटांत, छाती भात्यासारखी चालत असताना, असे सांधे एकापाठोपाठ आले, तर कवायत रचणाऱ्याने खरोखर काही मागितले आहे असे समजावे.

मी चित्रफिती बघतो तेव्हा हल्ली तोच तुकडा दोनदा लावतो. पहिल्या वेळी बाहेरच्या टोकाचा मुलगा बघतो, कारण त्याच्यावरून नजर हटतच नाही. दुसऱ्या वेळी पडद्यावर बोट ठेवून बिजागरीपाशी उभी असलेली मुलगी शोधतो. ट्रम्पेट गॅलरीकडे रोखलेला, दहा सेंटीमीटर, पुन्हा दहा सेंटीमीटर, आणि सोळाव्या मात्रेला तिचा पाय बरोबर पांढऱ्या रेघेवर.