शाब्दिक गणिताची झुंज

गोष्टीत गुंडाळलेले गणित माणूस किमान साडेतीन हजार वर्षे सोडवतो आहे. इजिप्तमधल्या ऱ्हाइंड पपायरसात, म्हणजे गणिताच्या एका प्राचीन हस्तलिखितात, सात घरे, प्रत्येक घरात सात मांजरे, प्रत्येक मांजरामागे सात उंदीर असा हिशेब पुढे धान्याच्या मापांपर्यंत जातो आणि सगळ्याची बेरीज १९,६०७ भरते. घरे आणि उंदीर एकत्र मोजून कोणाला काय मिळणार होते? काहीच नाही, निव्वळ गंमत. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तला (११५०) भुंग्यांचा थवाही तसाच: पाचवा हिस्सा कदंबावर, तिसरा हिस्सा शिलीन्ध्रावर, या दोहोंतल्या फरकाच्या तिप्पट कुटजावर, आणि एक बिचारा केतकी-मालतीच्या गंधाने हवेतच घुटमळतो. एकूण भुंगे १५.

ही उदाहरणे शिकणाऱ्यापुढे ठेवलेली. सोळाव्या शतकातल्या इटलीत मात्र ती प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर टाकली जाऊ लागली. १५३५ मध्ये फिओर आणि तार्ताल्या या दोन गणितज्ञांनी एकमेकांना ३०-३० उदाहरणे दिली. फिओरचे एक असे: कोणी नीलमणी ५०० डुकाटला (सोन्याच्या नाण्यांना) विकला, नफा मूळ भांडवलाच्या घनमुळाइतका झाला, तर नफा किती? नफा ‘क्ष’ धरला की क्षचा घन अधिक क्ष बरोबर ५००. फिओरची तिसही उदाहरणे याच साच्यातली, कारण त्याच्या भात्यात तेवढा एकच बाण होता. तार्ताल्याला अशी समीकरणे सोडवायची रीत ऐन वेळी सापडली आणि दोन तासांच्या आत त्याने सगळी सोडवली. तार्ताल्याचे प्रश्न निरनिराळ्या प्रकारचे होते. फिओर तिथेच अडकला. स्पर्धेसाठी प्रश्न काढणाऱ्याने हा सामना जरूर अभ्यासावा. पात्रे बदलली तरी आतले समीकरण तेच राहिले, तर ती प्रश्नपत्रिका एकाच प्रश्नाची.

शालेय स्पर्धा आल्या तेव्हा ही झुंज गेली आणि प्रत्येक जण आपल्या बाकावर एकटा बसला. हंगेरीतली १८९४ ची स्पर्धा अशीच होती. १९५९ पासूनच्या आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडला देश संघ पाठवतात खरे, पण पेपर ज्याचा त्याने सोडवायचा आणि पदकही ज्याचे त्याला.

एकत्र विचार करण्याला खरा मान दिला तो १९६० च्या दशकात लेनिनग्राडमध्ये सुरू झालेल्या ‘गणिती लढती’ने. दोन्ही संघांना तीच उदाहरणे आधी काही तास मिळतात. मग एक संघ फळ्यावर उत्तर मांडतो आणि दुसरा त्यातली भोके शोधतो. इथे नुसते उत्तर बरोबर असून भागत नाही. माझ्या मते शाब्दिक उदाहरणासाठी याहून कडक कसोटी नाही, कारण ‘प्रत्येकी’ किंवा ‘किमान’ वाचताना झालेली गफलत समोरचा संघ सोडत नाही.

अमेरिकेत १९७६ मध्ये सुरू झालेल्या आर्मल (ARML) या शालेय गणित स्पर्धेत पंधरा जणांचा संघ असतो. तिच्या रिले फेरीत एकाचे उत्तर मागच्याच्या प्रश्नातली संख्या बनते. फेरी मजेची, पण गोष्टीला तिथे फारसा वाव नाही.

अमेरिकेत १९८५ मध्ये सुरू झालेल्या गणिती प्रतिमान स्पर्धेत, म्हणजे खऱ्या जगातला प्रश्न गणितात मांडण्याच्या स्पर्धेत, नेमके उलटे झाले: तिघांचा संघ, हाताशी काही दिवस आणि शेवटी लेखी अहवाल. पहिल्याच वर्षीचा एक प्रश्न कोबाल्टचा होता. देशात न निघणाऱ्या या धातूचा राखीव साठा किती ठेवावा आणि कसा सांभाळावा, हे ठरवायचे होते. कोणत्या राशी धरायच्या आणि कोणत्या सोडायच्या, हेही संघानेच ठरवायचे.